शांत डेस्कटॉप हवाय, पण ओव्हरक्लॉकही करायचंय. मुंबईत जमतं का?

रातकिडा_माहीम
मंडळी, नवीन डेस्कटॉप जुळवायचा आहे, स्वतःच. काम म्हणजे थोडं ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर), थोडं कोड कंपाइल आणि शनिवार-रविवार गेमिंग. सगळं रात्री, कारण दिवसा ऑफिस. वन बीएचके आहे, टेबल हॉलमध्ये आणि हॉलमध्येच आईबाबा झोपतात, त्यामुळे पहिली अट अशी की रात्री एक वाजता रेंडर लावला तरी आवाज येता कामा नये. दुसरी अट हौसेची आहे, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून बघायचाय. हॉलला एसी नाही आणि बसवायचाही नाहीये.
डोक्यात दोन पर्याय आहेत, रायझन ७ ९७००एक्स किंवा इंटेल आय५ १४६००के. कूलर हवेचा की पाण्याचा? कॅबिनेट आतून फोम लावलेलं की समोर जाळी असलेलं? जेवढं वाचतोय तेवढा गोंधळ वाढतोय. कोणी असं मशीन प्रत्यक्षात वापरतंय का?

कटिंग_मारके
शांत पण पाहिजे आणि ओव्हरक्लॉक पण पाहिजे, म्हणजे उपास पण धरायचाय आणि मटण पण चापायचंय. बसतो इथेच, वाचतोय.

एक_पंखा_पुरे
माहीमला राहतोस आणि पीसीच्या आवाजाची चिंता? आधी डोक्यावरचा सीलिंग फॅन ऐक आणि मग पोस्ट टाक.

जुना_गिरगावकर
उपास-मटणवाल्यांचा मुद्दा गमतीत असला तरी खरा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
प्रोसेसरची उष्णता वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समज ५ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट लागतात आणि ५.२ ला १.३ लागतात. वेग वाढला ४ टक्के. उष्णता किती वाढली ते कॅल्क्युलेटरवर काढ, साधारण २२ टक्के निघते. म्हणजे ओव्हरक्लॉक महाग पडतो तो व्होल्टेजमुळे, आकड्यामुळे नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.
दुसरी गोष्ट आपल्या हवेची. कूलर चिपला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त फरक कमी ठेवतो. परदेशातल्या रिव्ह्यूत २२ अंशाच्या खोलीत ७० दाखवलं म्हणजे फरक ४८ चा झाला. तुझ्या हॉलमध्ये मे महिन्यात ३३ असेल तर तोच कूलर त्याच पंख्याच्या वेगाला ८१ दाखवणार. त्यात कूलरचा काही दोष नाही. पण तेच ७० पाहिजे असेल तर पंखा जोरात फिरवावा लागणार आणि मग आईबाबा उठणार. म्हणून रिव्ह्यू बघताना आधी खोलीचं तापमान किती होतं ते बघायचं, नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही.

रातकिडा_माहीम
@जुना_गिरगावकर, हे कोणी इतकं सरळ सांगितलंच नव्हतं. म्हणजे मुंबईत ओव्हरक्लॉक करायचाच नाही का?

जुना_गिरगावकर
करायचा की. उलट दिशेने करायचा. येतो त्याकडे, आता जेवायला हाक आलीय.

लॅमिंग्टन_काका
ओव्हरक्लॉक शब्द दिसला की आमच्यासारख्यांना राहवत नाही. १९९८ चा सेलेरॉन ३००ए कोणाला आठवतोय का? ६६ मेगाहर्ट्झची बस (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारी वाट) १०० वर नेली की ३०० चा थेट ४५० व्हायचा. पन्नास टक्के! बीएक्स चिपसेटचा बोर्ड असायचा आणि काही बोर्डांना बस बदलायची सोय नसली तर कार्डाच्या बी२१ पिनवर बारीक चिकटपट्टी लावून ती झाकायची. पिना इतक्या जवळजवळ की पट्टी कापायला ब्लेड लागायचं आणि शेजारची पिन झाकली गेली की मशीन ढिम्म. पुढे एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्डवर शिसपेन्सिलीने एल१ चे ठिपके जोडून मल्टिप्लायर (बसच्या किती पट वेग ते) मोकळा करायचो. आता पोरं बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक बटण दाबतात आणि म्हणतात ओव्हरक्लॉक केला.
हां, पण तेव्हा पंखे असे किंचाळायचे की शांत पीसी हा विषयच कुणाच्या डोक्यात नव्हता.

कटिंग_मारके
काका, शिसपेन्सिल एचबी की टूबी? हहपुवा

लॅमिंग्टन_काका
जितकी मऊ तितकी बरी. हसू नकोस, खरं सांगतोय.

बोरिवली_स्लो
मुद्द्यावर येऊ. काकांच्या काळात कंपन्या चिपमध्ये बरीच जागा सोडायच्या, आता ती बूस्टच्या (आपोआप वेग वाढवण्याच्या) नावाखाली त्यांनी स्वतःच वापरून टाकलीय. रायझन ७००० ची एक्सवाली मंडळी तर ९५ अंशापर्यंत जाणार असं धरूनच बनवलेली आहेत. त्यामुळे हाताने ५० टक्के सोडा, ५ टक्के मिळाले तरी पेढे वाट.
खरेदीआधी हे बघून ठेव. इंटेलमध्ये नावापुढे के पाहिजे आणि बोर्ड झेड मालिकेचा पाहिजे, १४६००के ला म्हणजे झेड६९० किंवा झेड७९०. बी७६० घेतलास तर रॅमचा वेग वाढवता येईल, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. एएमडीत बी६५० सुद्धा चालतो, फक्त ए६२० घेऊ नकोस, त्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग नाही. म्हणजे हौसेचा खर्च इंटेलकडे बोर्डातच जास्त पडतो.
शिवाय १४६००के पूर्ण ताणात १८१ वॉटपर्यंत जातो, ९७००एक्स मुळात ८८ वर थांबतो. बिनएसीच्या हॉलमध्ये या फरकाचं उत्तर वेगळं सांगायला नको. आणि इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत २०२४ साली जो अस्थिरतेचा घोळ झाला तो वाचला असशीलच. चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं, कंपनीने मायक्रोकोड बदलला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. कोणी सेकंडहँड १३वी-१४वी स्वस्तात देत असेल तर बायॉस अपडेट न करता वर्षभर वापरलेली नाही ना, हे विचारून घे.

एक_पंखा_पुरे
इंटेलवाले आता येतील बघ भांडायला.

कळव्याचा_इंटेलवाला
आलोच. १८१ हा वरचा आकडा आहे, तो बायॉसमध्ये १२५ किंवा त्याखाली बांधता येतो, कोणी अडवलेलं नाही. माझा १४६००के १२० वॉटवर बांधलेला आहे आणि ब्लेंडरला त्याचे १४ कोअर ९७००एक्सच्या ८ कोअरपेक्षा उपयोगी पडतात. उगाच एका बाजूने बोलू नका.

बोरिवली_स्लो
बांधता येतो हे मान्य. पण मग झेड बोर्डाचे पैसे देऊन तू अंडरक्लॉक करतोयस ना भाऊ.

कळव्याचा_इंटेलवाला
माझे पैसे, माझा बोर्ड.

रेवा_मुलुंड
मी साउंडच्या कामात आहे, घरातच छोटा बूथ आहे, म्हणून आवाजाच्या बाजूने लिहिते. प्रोसेसरचं तुम्ही लोक बघा.
सगळे विचारतात किती डेसिबल. पण एकसारखा आवाज कान पाच मिनिटांत विसरतो, मेंदू बाजूला टाकतो त्याला. झोप मोडते ती बदलत्या आवाजाने. रायझनचं तर असं आहे की ब्राउझर उघडला तरी तापमान क्षणभरासाठी टुणकन वर जातं आणि लगेच खाली येतं, आणि बोर्डाचा मूळ फॅन कर्व्ह (कुठल्या तापमानाला पंखा किती जोरात ते) प्रत्येक उडीला पंखा पळवतो. घूंऽऽ, शांत, घूंऽऽ, शांत. हा आवाज मोजला तर कमीच भरेल पण आई उठणार हे नक्की.
उपाय फुकट आहे. बायॉसमध्ये पंख्याचा वेग किती उशिराने वाढवायचा याची सेटिंग असते, बोर्डाप्रमाणे नाव बदलतं. वाढायला काही सेकंद आणि उतरायला त्याहून जास्त असा उशीर द्यायचा. मग कर्व्ह असा काढायचा की ६५ अंशापर्यंत रेघ सपाट, पंखा एकाच मंद वेगाला, आणि तिथून पुढे हळूहळू चढ. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरच्या तापमानाला बांधायचेच नाहीत, ते बोर्डाच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला बांधायचे, कारण ती तापमानं संथ चालतात. विंडोजमध्ये फॅन कंट्रोल नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात हे बायॉसपेक्षा सोपं जातं.
आता आकडेच हवे असतील तर हे घ्या. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. आणि तोच पंखा अजून एक जोडला तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. म्हणजे एक पंखा पळवण्यापेक्षा दोन पंखे रेंगाळत फिरवणं कधीही फायद्याचं. मोठे १४० मिलिमीटरचे असतील तर अजून बरं.

कटिंग_मारके
एक_पंखा_पुरे यांनी आयडी बदलावा अशी नम्र विनंती.

एक_पंखा_पुरे
@रेवा_मुलुंड, पण ताई सीलिंग फॅनच्या आवाजात हे सगळं झाकलं जातं ना? माझा मुद्दा राहिलाच.

रेवा_मुलुंड
बऱ्यापैकी झाकलं जातं, ते चूक नाही. पण झाकला जातो तो फसफस टाइपचा आवाज. एकाच सुरातली शिट्टी किंवा घरघर असेल तर ती पंख्याच्या वर वेगळी ऐकू येते. रात्री निवासी भागासाठी कायद्यातली मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि आपल्याकडे ती किती पाळली जाते ते सगळ्यांना माहीत आहे, तरी त्या गोंगाटातही डासाची गुणगुण ऐकू येतेच की नाही? आणि जानेवारीत पंखा बंद करून झोपतात तेव्हा काय करणार?

एक_पंखा_पुरे
मुंबईत जानेवारीत पंखा बंद करणारे लोक असतात हे आज कळलं. मुलुंडला थंडी पडते वाटतं.

रेवा_मुलुंड
पडते. नॅशनल पार्कच्या बाजूला येऊन बघा एकदा.

पाणीवाला_पवई
एवढं सगळं करण्यापेक्षा ३६० मिलिमीटरचा एआयओ (तयार जोडलेला पाण्याचा कूलर) लाव, तीन पंखे हळू फिरव, विषय संपला. पाणी तापायला वेळ लागतो त्यामुळे रेवाताई म्हणतात तशा उड्याही येत नाहीत.

जुना_गिरगावकर
@पाणीवाला_पवई, उड्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण एआयओला पंप असतो आणि तो चोवीस तास चालतो, मशीन रिकामं बसलेलं असताना सुद्धा. हवेच्या कूलरला पंख्याशिवाय हलणारी वस्तूच नाही. ८८ वॉटच्या चिपला ३६० लावणं म्हणजे नुसता खर्च. ज्याला २५० वॉट बाहेर काढायचेत त्याने जरूर लावावा.
आणि लावलाच तर रेडिएटर छताला लाव. नळीतून काळाच्या ओघात थोडं पाणी उडतंच, आत हवा जमते, आणि पंप सगळ्यात उंच जागी असला तर ती हवा पंपात अडकून गुळगुळ आवाज येतो.

वेसावे_किनारा
पावसाळ्यात एआयओवर दव जमून बोर्ड जळतो असं एका दुकानदाराने सांगितलं होतं, खरं का?

जुना_गिरगावकर
नाही. दव जमायला ती वस्तू खोलीतल्या हवेपेक्षा चांगलीच थंड लागते. एआयओतलं पाणी खोलीपेक्षा गारच होत नाही तर दव येणार कुठून. बर्फ, चिलर, पेल्टियर असले प्रकार करणाऱ्यांनी मुंबईत जपावं, जुलैमध्ये त्यांचं खरं नाही.

वेसावे_किनारा
धन्यवाद. आमच्याकडे दव नाही पण खारी हवा आहे. कॅबिनेटचे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात, रॅम काढली तर सोनेरी पट्टीवर डाग दिसतात, खोडरबराने हळूच पुसून परत लावायची. समुद्राजवळ राहणाऱ्यांना एकच सांगणं, मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवा, आत ऊब राहिली की ओल धरत नाही. माहीम पण खाडीच्या तोंडाशीच आहे, त्यामुळे धागाकर्त्याने ऐकावं.

रातकिडा_माहीम
ऐकलं. खिडकीचे गज बघितले तरी कळतं.
बरं, आत्तापर्यंत माझं मत ९७००एक्स आणि हवेचा कूलर असं होत चाललंय. कळवेकरांनी रागावू नये. कूलर कुठला? आणि कॅबिनेटबद्दल कोणीच बोललं नाही.

कळव्याचा_इंटेलवाला
रागावलो नाही. रेंडर लावून झोपतोस तेव्हा आठवण काढ फक्त.

बोरिवली_स्लो
कूलरमध्ये नॉक्टुआ एनएच-डी१५ हे नाव सगळे घेतात, २०१४ पासून आहे आणि चांगलाच आहे, पण इथे मिळणारा भाव बघून तोंड कडू होतं. तुझ्या चिपला थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा डीपकूल एके६२० पुरे, दोघांनाही दोन पंखे आहेत. उंची मात्र बघ. डी१५ १६५ मिलिमीटर आहे, एके६२० १६० आणि पीअरलेस १५५. स्वस्तातल्या बऱ्याच कॅबिनेटना इथेच काच बंद होत नाही. पुढचा पंखा रॅमवर येतो त्यामुळे उंच शिंगांची दिव्यांची रॅम नको. आणि रॅमचे भाव सध्या काय झालेत ते बघितलंस का? आधी पाणी पिऊन बस मग बघ.

चॉकलेटी_पंखा
माझ्याकडे डी१५ आहे. पंख्यांचा रंग बघून घरचे म्हणाले नवीन म्हणून जुनं काय उचलून आणलंस. आवाजाबद्दल मात्र आजवर एक तक्रार नाही.

जुना_गिरगावकर
कॅबिनेटबद्दल मी लिहितो, कारण इथे लोक हमखास उलटं करतात. सायलेंट म्हणून विकलेलं, आतून फोम लावलेलं, समोरून बंद दार असलेलं कॅबिनेट थंड देशात ठीक. इथे काय होतं की फोम आवाज थोडा दाबतो आणि हवा पण दाबतो, आत ऊब साठते, ऊब साठली की पंखे वाढतात आणि फोमने दाबलेला आवाज पंखे भरून काढतात. मग लोक म्हणतात सायलेंट कॅबिनेट असून आवाज येतो. त्यापेक्षा समोर पूर्ण जाळी, आत दोन १४० चे पंखे, मागे एक, सगळे जेमतेम फिरताहेत, हे आपल्याला मानवतं. फोमचा उपयोग हार्ड डिस्क किंवा ग्राफिक्स कार्डाची शिट्टी दाबायला होतो, तेवढ्यासाठी घ्यायचं असेल तर घ्या.
आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटींमधून न शिरता फिल्टरमधून येते आणि फिल्टर धुता येतो. सध्या प्रत्येक गल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे, सिमेंटची ती पांढरी पूड फिल्टरवर महिन्याभरात साय धरते. फिल्टर तुंबला की तोच पीसी आवाज करायला लागतो आणि माणूस प्रोसेसरवरची पेस्ट बदलत बसतो.

रेवा_मुलुंड
+१. आणि हार्ड डिस्क असेल तर ती आधी बाहेर काढ. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, बरोबर त्याच सुरात कॅबिनेटचा पत्रा घुमतो. डेस्कटॉपमध्ये फक्त एनव्हीएमई (फिरता भाग नसलेली डिस्क) ठेव, जुने फोटो-व्हिडिओची डिस्क लांब कुठेतरी.

कटिंग_मारके
आमचा नॅस (नेटवर्कवरची डिस्कची पेटी) माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी आहे. वर्षातून एकदा मखर काढायला चढतो तेव्हा त्याचीही धूळ पुसतो.

ग्रँटरोड_लोकल
खरेदी ऑनलाइन करणार की लॅमिंग्टन रोडला जाणार? मी अजून लॅमिंग्टनच म्हणेन. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय पण तसं विचारलंत तर रस्ता सांगणारा आधी तुमच्याकडे बघेल. चार दुकानं फिरून भाव काढायचा, पक्कं जीएसटी बिल मागायचं, बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्यायचा. बिलाशिवाय इतके कमी करतो म्हणाले की हसून पुढच्या दुकानात जायचं, वॉरंटीच्या वेळी तेच इतके भारी पडतात. एका दुकानात मला सील उघडलेला बोर्ड नवा म्हणून देत होते, खोक्यावरची चिकटपट्टी तिरकी दिसली म्हणून कळलं. सॉकेटच्या पिना दुकानातच मोबाइलच्या टॉर्चने बघायच्या, घरी आल्यावर वाकलेली दिसली तर कोणी ऐकून घेत नाही.
आणि येताना कॅबिनेटचं खोकं घेऊन संध्याकाळी सहाला ग्रँट रोडवरून स्लो पकडायला जाऊ नका. दुपारी जा आणि लगेज डब्यात चढा.

लॅमिंग्टन_काका
हा माणूस आपला आहे. सीआरटी मॉनिटर मांडीवर घेऊन लगेज डब्यातून गेलेले लोक आहोत आम्ही, मासळीच्या टोपल्यांच्या शेजारी.

बोरिवली_स्लो
लगेज डबा आणि मासळी झाली असेल तर गिरगावकर, तुम्ही उलट्या दिशेचं ओव्हरक्लॉकिंग सांगणार होतात. जेवण झालं का?

जुना_गिरगावकर
झालं, झोप पण झाली. सांगतो.
मुंबईत आधी वेग ठरवून मग पंख्याचं बघायचं नाही. आधी आवाज ठरवायचा. रात्री हॉलमधले सगळे दिवे-पंखे बंद कर, मशीनचे पंखे हाताने एकेका पायरीने वाढवत जा आणि तुझ्या खुर्चीवरून नाही तर आईच्या उशीजवळून ऐक. जिथे आवाज जाणवायला लागतो त्याच्या खाली तुझी मर्यादा. तिथे पंखा बांधून टाक. आता त्या पंख्यावर ८० अंशाच्या आसपास राहून चिप किती वॉट झेपवते ते लांब रेंडर लावून बघ, सिनेबेंच (वेग मोजायची चाचणी) एकदा फिरवून काही कळत नाही, कूलरचं धातू तापायलाच वेळ लागतो. जो आकडा येईल तो बायॉसमध्ये पीपीटी (वॉटची मर्यादा) म्हणून टाक. ९७००एक्सचा मूळ ८८ आहे. एएमडीने नंतर बायॉसमधून १०५ वॉटची जी सोय दिली त्यात पीपीटी १४२ होतो, पण बिनएसीच्या हॉलसाठी ते मला पटत नाही, तू ८८ आणि ११० च्या मध्ये कुठेतरी थांबशील असा अंदाज आहे.
आता ओव्हरक्लॉक. वॉट बांधलेत, म्हणजे वेग मिळवायचा तर व्होल्टेज काढून घ्यायचं. पीबीओ (एएमडीची स्वतःची ओव्हरक्लॉकची सोय) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग) उणे १० वर ठेव. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. तेवढ्याच वॉटमध्ये चिप स्वतःहून जास्त वेगाने पळते. टिकलं तर उणे १५, मग उणे २०. प्रत्येक कोअर वेगळा असतो, सगळ्यात चांगले म्हणून खूण केलेले दोन कोअर बहुतेक आधी हात टेकतात.
मी याला ओव्हरक्लॉकच म्हणतो, कारण कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा तो जास्तच पळतो. कोणाला नाव दुसरं द्यायचं असेल तर द्या.

पाणीवाला_पवई
असहमत. हे ट्यूनिंग झालं. ओव्हरक्लॉक म्हणजे सगळे कोअर एका आकड्याला ठोकायचे आणि बेंचमार्कचा स्क्रीनशॉट टाकायचा.

लॅमिंग्टन_काका
पवईकर, तुम्ही माझ्या काळात जन्मायला हवे होतात.

बोरिवली_स्लो
गिरगावकरांच्या पोस्टला पुरवणी. कर्व्ह ऑप्टिमायझर कच्चा असेल तर मशीन जोरात चालताना पडत नाही, निवांत असताना पडतं. कारण एकच कोअर सगळ्यात वरच्या वेगाला जातो तो हलक्या कामात. प्राइम९५ (पूर्ण ताण देणारी चाचणी) तासभर चाललं म्हणून लोक खूश होतात आणि रात्री यूट्यूब बघताना रीस्टार्ट. त्यासाठी कोअरसायकलर नावाचं फुकट साधन आहे, एकेक कोअर वेगळा तपासतं, रात्रभर लावून ठेव. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया एरर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) दिसले तर मशीन पडलं नसेल तरी दोन-चार पायऱ्या मागे ये.
आणि कागदोपत्री पीबीओ काय, एक्स्पोने रॅम वाढीव वेगाने चालवणं काय, दोन्ही ओव्हरक्लॉकिंगमध्येच धरतात, वॉरंटीत बसत नाही. हे माहीत असून कर.

भाबडा_प्रश्न
मला एक कळत नाही. एवढी मेहनत करण्यापेक्षा थोडे पैसे टाकून वरचा प्रोसेसर घेतला तर?

रातकिडा_माहीम
मग रविवारी काय करू?

भाबडा_प्रश्न
बरोबर आहे.

रातकिडा_माहीम
ठरलेलं सांगतो. ९७००एक्स, बी६५० बोर्ड, पीअरलेस असॅसिन, जाळीवालं कॅबिनेट, १४० चे तीन पंखे, ६५० वॉटचा गोल्ड पॉवर सप्लाय ज्याचा पंखा कमी लोडला बंद राहतो. जुनी डिस्क बाहेर. सुताराकडून बनवलेल्या टेबलाला खाली सीपीयूसाठी कप्पा आहे, त्यात बसेल का हे मोजायचं राहिलंय. काही सुटलंय का?

रेवा_मुलुंड
कप्पा!! त्या कप्प्यात ठेवू नकोस. मागे भिंत, दोन बाजूंना प्लायवूड, बाहेर टाकलेली गरम हवा तिथेच फिरून समोरून परत आत जाते. रिव्ह्यू २२ अंशात आणि तुझं मशीन ४५ अंशाच्या खोक्यात, मग गिरगावकरांचं सगळं गणित पाण्यात. कप्प्याची मागची फळी काढता आली तर काढ, नाहीतर टेबलाच्या बाजूला जमिनीवर ठेव. खाली पायपुसणं घालू नकोस, पॉवर सप्लाय तिथूनच हवा घेतो. चार रबरी बुटं मिळतात, ती लाव.
आणि यूपीएस कुठला आहे? लाइट गेली की बीप बीप करणारा असेल तर तुझ्या सगळ्या शांततेची वाट लागेल. बीप बंद करता येतो का आधी बघ. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, तेव्हा पॉवर सप्लायच गुणगुणतो.

कळव्याचा_इंटेलवाला
सगळे प्रोसेसरवर भांडताय आणि ग्राफिक्स कार्डाचं कोणी विचारलंच नाही. गेमिंग करणार म्हणतोय ना तो? आवाज तिथूनच येणार. कार्डाचा प्रोसेसरपेक्षा दुप्पट वॉट सहज असतो.

रातकिडा_माहीम
अरे हो. कार्ड सध्याचंच वापरणार आहे, मधल्या पट्टीतलं, दोन पंख्यांचं. गेमच्या मेन्यूत गेलो की बारीक शिट्टी वाजते. पंखा खराब आहे का?

रेवा_मुलुंड
पंखा नाही, ती कॉइलची शिट्टी. कार्डावरच्या गुंडाळ्यांतून करंट चढउतार करतो आणि तार सूक्ष्म थरथरते. मेन्यूत काही काढायचं नसतं म्हणून कार्ड सेकंदाला हजार हजार फ्रेम फेकतं आणि सूर चढतो. ड्रायव्हरमध्ये फ्रेमरेट मॉनिटरच्या आकड्याला बांध, बहुतेक वेळा तेवढ्यावर थांबते.

कळव्याचा_इंटेलवाला
आणि कार्डालाही तेच औषध, पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आण, फ्रेम थोड्याच कमी होतील, पंखे चांगलेच खाली येतील. त्याचेही व्होल्टेज कर्व्ह असतात पण आधी एवढंच करून बघ. प्रोसेसरचं सगळं मार्गी लागल्यावरच कार्डाला हात लाव, दोन्ही एकदम केलंस आणि मशीन पडलं तर कोणामुळे पडलं ते कळणार नाही.

रातकिडा_माहीम
हे बेस्ट. शनिवारी दुपारी ग्रँट रोड. गिरगावकर, उशीजवळून ऐकण्याचा प्रयोग आईला आधी सांगूनच करेन.

वाचनमात्र_विलेपार्ले
माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपचा पंखा मीटिंग सुरू झाली की विमानतळासारखा आवाज करतो, त्याला उणे १० करता येईल का?

बोरिवली_स्लो
ऑफिसच्या लॅपटॉपचं बायॉस तुमच्या आयटीवाल्यांनी पासवर्ड टाकून बंद केलेलं असणार. जाळीत ब्लोअर मारून घ्या आणि मीटिंगमध्ये कॅमेऱ्याची ती मागचं धूसर करणारी सोय बंद करा, अर्धा लोड तिचाच असतो. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे आता पवईकर आणि काका ओव्हरक्लॉकच्या व्याख्येवर भांडणार आहेत.